चटईचा कोपरा

थंडी आली. परवा सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर कुठूनतरी कपाशीच्या काड्यांचा धूर आला आणि त्याच्या मागोमाग भाजलेल्या वांग्यांचा वास. म्हटलं, चला, जळगावला हिवाळा लागला. आमच्याकडे उन्हाळा एवढा दांडगा की बाकीचे ऋतू बिचारे पाहुण्यासारखे येऊन जातात. पण हा एक पाहुणा दोन-अडीच महिने चांगला मुक्काम ठोकतो. बाजारात भरताच्या हिरव्या वांग्यांचे ढीग लागतात, दुपारचं ऊन पाठीवर घ्यावंसं वाटतं, आणि आमच्या गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. यंदा कुठं?

कापूस घरात आलेला, लग्नसराई अजून लांब, नातवंडांच्या परीक्षा त्याहून लांब. आमच्यासारख्यांनी फिरायचं ते याच दिवसांत. गेली बारा-तेरा वर्षं आम्ही आठ-दहा जणी फिरतोय. तिकिटं कुणीही काढो, देवळातली रांग कुणीही लावो, बाजार आला की सगळ्या माझ्या मागे उभ्या. मी खरेदीप्रमुख. मला आजवर एकाही दुकानदारानं टोपी घातलेली नाही. फुशारकी म्हणून नाही सांगत. बरं, फुशारकी म्हणूनच सांगते, पण खरं आहे ते.

जयपूरला रजई घ्यायला गेलो. दुकानदार ती रजई मुठीत मावते हे दाखवत होता आणि आत शंभर ग्रॅम शुद्ध कापूस आहे म्हणून सांगत होता. कुणाला सांगतो? आम्हाला! ज्यांच्या घरात दिवाळीनंतर पाय ठेवायला जागा नसते इतका कापूस पडलेला असतो, त्यांना! मी कोपऱ्यातून चिमूटभर कापूस ओढून बोटांवर त्याचा धागा काढून दाखवला, तर त्यानं आपणहूनच भाव खाली आणला. रजई मात्र पैसे वसूल आहे, आठ वर्षं झाली, अजून पांघरतोय. काश्मीरला शाल अंगठीतून काढून दाखवतात. मी म्हटलं, बाबा, अंगठीतून जाते ते ठीक, हिवाळ्यातून जाईल का ते सांग. शाल सोडली आणि अक्रोड घेतले. काश्मीरहून आणावेत तर अक्रोड. गोव्याचे काजू आणू नयेत, आपल्या बाजारात त्याच भावात मिळतात आणि ओझं फुकटचं. म्हैसूरला चंदनाचा हत्ती घेतला होता. दोन महिन्यांत वास गेला, हत्ती राहिला. पण तो मी नव्हता घेतला, त्या एकाच वेळी बरोबर आलेल्या आमच्या यांनी घेतला होता.

आणि केरळात काय घ्यावं? केळीचे वेफर्स! आम्ही रावेरकडचे केळीवाले. आमच्या बागांमधून ट्रक भरभरून केळी उत्तरेला जाते. आणि आम्ही आठ बायका अर्धा-अर्धा किलो केळीचे वेफर्स पिशव्यांमध्ये घालून तीन दिवस गाडीत सांभाळत आणतोय. घरी आल्यावर दीर पोट धरून हसले. मी म्हटलं, हसा, पण खोबरेल तेलात तळलेत, आधी खाऊन बघा. पाव किलो त्यांनीच संपवले.

भाव करणं मला कुणी शिकवलं, तर केळीच्या व्यापाऱ्यानं. लग्न होऊन सासरी आले तेव्हाची गोष्ट. माझे सासरे, त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, केळी लावायचे ती लेकरासारखी. व्यापारी बागेत यायचा, घडावरून हात फिरवायचा आणि पहिल्यांदा नाव ठेवायचा. 'फण्या आखूड आहेत आबा, बोटं भरली नाहीत, साल डागाळलीय.' भाव मागाहून. आबा ऐकत उभे. त्यांच्या तोंडावरची कळा उतरत जायची, तसा भावही उतरायचा. मी धुण्याच्या दगडावरून बघत होते. तेव्हाच मला कळलं की भाव पाडायचा तर आधी वस्तू पाडायची. हा मंत्र मी जन्मभर वापरला.

त्या दिवशी जेवताना आबा भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिले होते. म्हणाले, "भाव पाड म्हना, मी नाही कुठं म्हनतो. पन मालाले नाव कायले ठेवतो? केला तं मीच नं तो." हे वाक्यही मी ऐकलं होतं. पण कामाचं तेवढं लक्षात ठेवलं आणि हे सोडून दिलं.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. यात्रेला निघायच्या आदल्या दिवशी शेजारणी येतात, कुंकू लावतात, ओटीत नारळ घालतात आणि हातावर अकरा-एकवीस रुपये ठेवतात. तो नारळ म्हणजे, तुझ्याबरोबर मीही चालले. मग परत आल्यावर जेवण घालायचं, त्याला मावंदं म्हणतात, आणि जिनं जिनं नारळ दिला तिला तिथलं काहीतरी द्यायचं. खरेदीची माझी सगळी मारामार त्यासाठीच असते. स्वतःसाठी कोण घेतं? वीस नारळांच्या वीस वस्तू, त्याही अशा की देताना मान खाली जाऊ नये.

दरवर्षी पहिला नारळ यायचा सुनंदाचा. समोरच्या घरात राहते. माहेर धुळ्याकडचं, शिंदखेड्याजवळ, त्यामुळे बोलणं अजून अहिराणी. इथं जळगावला एमआयडीसीत चटईच्या कंपनीत कामाला. आमच्या जळगावच्या प्लास्टिकच्या चटया देशभर जातात हे तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर आता झालं. तिथं मशीनवर विणलेल्या चटईला कडेनं पट्टी लावून शिवायची, हे तिचं काम. बारा वर्षं तेच. मी दरवेळी म्हणायचे, सुनंदा, चल की! ती हसायची. "मले गाडी लागस, ताई. तुम्ही जा. मनाकडथीन देवले नमस्कार सांगजा." आणि नारळ ओटीत.

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात आम्ही रामेश्वरला गेलो. तो हिवाळा आठवला की अजून माझे कान गरम होतात.

आम्ही इथून स्वेटर घालून निघालो आणि तिथं उतरल्यावर घामाच्या धारा. समुद्रावरून खारट वारा येत होता. बावीस कुंडांचं पाणी अंगावर घेऊन ओल्या साड्यांनी बाहेर पडलो, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं. शंख, शिंपल्यांचे आरसे, शिंपल्यांचे पडदे, ताडगूळ. सुनंदाला मी शिंपल्यांची कुंकवाची डबी घेतली. आणि पुढं एका दुकानावर, दोरीवर टांगलेल्या, वाऱ्यानं फडफडणाऱ्या चटया. निळ्या, जांभळ्या, मध्ये मोर, कडेला नक्षी. माझी नजर बसली.

"यहां की है?" मी विचारलं.

"यहां की, अम्मा. लोकल." मोडकंतोडकं हिंदी. सातशे सांगितले.

मग मी सुरू झाले. जळगावची बाई, जिच्या समोरच्या घरात चटई शिवणारी राहते, ती रामेश्वरला चटईचा भाव करतेय, आणि मला तेव्हा त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही. आपल्याकडची चटई म्हणजे मंगल कार्यालयात अंथरतात ती. ही तर दक्षिणेची. मी चटई उलटी केली, कोपरा हातात धरला आणि चारचौघांत मोठ्यानं म्हटलं, "ये क्या सिलाई है? आंख बंद करके सिया है क्या? घर ले जाते ही उधड जाएगा!" माझ्या मागच्या बायका हसल्या. दुकानदार ओशाळला. सातशेची चटई अडीचशेला. मग बाकी सात जणींनीही त्याच भावात एकेक घेतली. दोन दिवस त्या आठ गुंडाळ्या आम्ही सीटखाली, बर्थवर, पायाशी सांभाळत आणल्या.

मावंदं शेतात घातलं. आमच्या दिरांच्या मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, हिरवी मिरची-लसूण ठेचली, तेलात कांद्याची पात परतली, बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. भरताचा वास तुम्हाला सांगून कळणार नाही, यावं लागेल. चिंचेखाली माझी मोराची चटई मधोमध अंथरली आणि मी गोष्ट सांगायला बसले. अशी गोष्ट मी चांगली सांगते. दुकानदाराची नक्कल केली, स्वतःची केली, आणि कोपरा हातात धरून ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं. आंख बंद करके सिया है क्या! सगळ्या हसून हसून आडव्या.

सुनंदा ताट घेऊन चटईच्या कडेला उकिडवी बसली होती. तिनं ताट खाली ठेवलं. हात साडीला पुसला. चटईचा कोपरा उलटा केला आणि त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, मग परत एकदा.

"कितलामा लिधी, ताई?"

"अडीचशेला! सातशे सांगत होता मेला."

"हं." मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हाऊ कोपरा मी शिवेल शे."

आधी कुणाला कळलंच नाही. मग तिनं दाखवलं. बाकीच्या बायका कोपऱ्यावर पट्टी एकदा मुडपतात. ती दोनदा मुडपते आणि वर तीन आडवे टाके घालते, म्हणजे लहान पोरांनी कोपरा धरून ओढला तरी सुटत नाही. पट्टी जास्त लागते म्हणून तिनं बोलणीही खाल्लेली. जळगावहून निघून रामेश्वरला गेलेली, तिथून मी परत जळगावला आणलेली ती चटई. एकजण म्हणाली, "अगं बाई, म्हणजे आपण...!" आणि पुन्हा हशा पिकला. मीसुद्धा हसले. हसले, हे आता लिहिताना लाज वाटते. सुनंदानं ताटातलं संपवलं, टाकलं नाही. शिंपल्यांची डबी घेतली, कुंकू लावून घेतलं आणि दुसऱ्या पाळीला जायचंय म्हणून लवकर निघाली.

नंतर वर्षभर काही बिघडलं असं म्हणता येणार नाही. दिसली की बोलायची. विरजण मागायला यायची. मीही मनाला समजावलं की ती विसरली असेल. एवढ्या-तेवढ्याचं काय धरून बसायचं?

मग गेल्या हिवाळ्यात द्वारकेला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शेजारणी आल्या. ओटीत नारळावर नारळ. मी मोजत नव्हते, पण समोरच्या दाराकडे माझं लक्ष होतं. दार उघडं होतं, दिवा लागलेला होता, कुकरची शिट्टी झाली. सुनंदा आली नाही. एकोणीस नारळ घरात पडलेले आणि मला त्या न आलेल्या विसाव्या नारळानं घास गिळू दिला नाही. आबांचं ते भाकरी हातात धरून बसणं तेव्हा आठवलं. त्या व्यापाऱ्यापेक्षा मी काय वेगळी होते?

जेवण तसंच टाकून उठले. मोराची चटई गुंडाळून काखेत मारली आणि समोर गेले. सुनंदा लसूण सोलत होती. तिच्या पुढ्यात चटई पसरली आणि उभ्यानंच म्हटलं, "सुनंदा, मी चुकले."

"तुम्ही मले कोठे बोलनात, ताई? दुकानदारले बोलनात." मान वर केली नाही तिनं. लसणाची पाकळी सोलून झाली, तेव्हा म्हणाली, "बारा वरीस व्हयनात मले त्या मशीनवर. त्या कोपराकडे कोणी देखत नही. पहिल्यांदा कोणी देखं, ते बी नाव ठेवाले."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "खरं सांगू? मी बघितलंसुद्धा नव्हतं. शिवणीला नाव ठेवलं की भाव उतरतो, म्हणून ठेवलं. कोपरा हातात होता, डोळे दुकानदाराच्या तोंडावर होते."

तिनं आत्ता माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तितलंबी नही!" आणि तिला हसू फुटलं. ते हसू काही फार गोड नव्हतं, पण हसू होतं. मी चटईवर हात फिरवून दाखवला. वर्षभर गच्चीवर उन्हात पडलेली, पापड वाळवलेली, धुतलेली, झटकलेली. मोराचा रंग उडाला होता, मधली वीण विरली होती. काठ जसाच्या तसा. चारही कोपरे जागेवर.

"मला नारळ नको," मी म्हटलं. "तू चल. एक तिकीट आहे, पुण्याच्या वहिनींचं येणं ऐन वेळी रद्द झालंय."

"मले गाडी लागस."

"ओवा आणि लिंबू मी घेतलंय. उलटी झाली तर पाठ मी चोळीन. पण चल."

तिनं नवऱ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, कंपनीत फोन केला. मग म्हणाली, "येसू. पण तुम्ही भाव करताना मी तुमना मांगे उभी राहसू." हे ऐकून, खरं सांगते, मला जरा धडकीच भरली.

सुरतेपर्यंत तिला दोनदा उलटी झाली. मी पाठ चोळली, बोलल्याप्रमाणे. द्वारकेला पोचेपर्यंत ती सगळ्यांहून ताजी. दर्शन झालं, गोमतीच्या घाटाकडे निघालो. शंख, मोरपिसं, गोपीचंदन, बांधणीच्या ओढण्या. समोर समुद्र. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मी तिला दाखवायला हात वर केला आणि बघते तर ती माझ्या बाजूला नाहीच. मागे एका दुकानाशी थांबली होती. दोरीवर चटया टांगलेल्या.

तिनं एकीचा कोपरा उलटा केला आणि खुदकन हसली. "हाई मंगलानी शे, ताई. आमनी लाइनमधली. देखा, टाका लांब पाडस ती, घर जावानी घाई राहस तिले." समुद्राकडे तिची पाठ होती आणि ती हजार किलोमीटरवर भेटलेल्या त्या टाक्यांवरून बोट फिरवत होती. माहेरचं माणूस भेटल्यासारखा चेहरा झाला होता तिचा.

"पांचसो, बेन," दुकानदार म्हणाला.

मी पर्स उघडली आणि पाचशेची नोट बाहेर काढली. एक शब्द न बोलता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, हेच माझं प्रायश्चित्त.

सुनंदानं माझं मनगट धरलं. "ताई, याड लागनं का? आमना गेटवर दीडशेले भेटस हाई!" आणि मला बाजूला सारून ती पुढे झाली. तिची अहिराणी आणि त्याची गुजराती अशी काही जुळली की तो विचारायला लागला, "बेन, गुजराती छो?" "नही भाई, धुळ्यानी." मग तिनं चटईला धारेवर धरलं. प्लास्टिक पातळ शे. रंग दोन महिन्यात उडी जाई. वीण ढिली शे. मी थक्क. माझ्या मागे उभी राहणार होती, आता मीच तिच्या मागे उभी. पण एक लक्षात आलं. शिवणीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मी नंतर विचारलं, विणीला नाव ठेवलंस ते? म्हणाली, "ती मशीननी शे. तिले राग येत नही."

पाचशेचे चारशे, तीनशे, अडीचशे. दुकानदार वैतागला. चटई गुंडाळता गुंडाळता पुटपुटला, "ले जाओ बेन. सिलाई भी कोई खास नहीं है."

सुनंदाचा हात थांबला. तिनं ती गुंडाळी त्याच्या पुढ्यात परत ठेवली. "राहू दे." आणि चालू लागली. मी तिच्या मागे. दहा पावलं गेलो असू, त्यानं हाका मारल्या. "बेन! दो सौ! दो सौ में ले जाओ!" ती मागे फिरली, दुकानाशी आली आणि पदर खोचून उभी राहिली.

"पहिले सांग. सिलाई कशी शे?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "देख के बोलो, भाई. देख के." त्यानं गुंडाळी सोडली, कोपरा उलटा केला, चष्मा वर सरकवला. नीट बघितलं. पट्टी ओढून पाहिली, दोन्ही हातांनी. "नहीं बेन," तो म्हणाला, "सिलाई तो पक्की है."

तिनं कनवटीला बांधलेला रुमाल सोडला, अडीचशे रुपये मोजून त्याच्या हातावर ठेवले आणि चटई काखेत घेतली.

"अगं!" मला राहवेना. "दोनशेला देत होता की! आणि तुमच्या गेटवर तर दीडशेला मिळते म्हणालीस."

"दीडशे चटईना," सुनंदा म्हणाली. "शंभर, तो जे बोलना त्याना. चला आते, समुद्र दाखाडा."